पिशवी एक, प्रश्न तीन: प्लास्टिकबंदीवर संशोधन करायचंय?



पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांना "संशोधनाचा विषय काय?" असं विचारून बघा. "पर्यावरण... म्हणजे प्लास्टिकबंदी वगैरे" हे उत्तर हमखास कुणीतरी देतं. विषय चांगलाच आहे. रोजच्या जगण्यातला आहे, त्यात कायदा आहे, अर्थशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि भाजीवाल्या मावशींच्या पोटाचा प्रश्नही आहे. पण मार्गदर्शकांसमोर बसलात की ते पहिल्याच मिनिटाला म्हणतील, "हा विषय झाला. प्रश्न काय आहे?" आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते.

आज आपण बाजारातली पिशवी हातात घेऊन हेच शिकू. विषयातून प्रश्न कसा काढायचा, आणि प्रश्न बदलला की पद्धत आणि उत्तर दोन्ही कशी बदलतात. जाता जाता बाजारात कुठली पिशवी न्यावी याचंही उत्तर मिळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. नाले, गटारं तुंबण्याच्या कारणांमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांचं नाव ठळकपणे घेतलं गेलं आणि त्यानंतर राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. बांगलादेशची गोष्टही अशीच. १९८८ आणि १९९८ च्या पुरांनंतर तिथे तुंबलेल्या गटारांचा ठपका पिशव्यांवर आला आणि २००२ मध्ये पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी घालणारा तो जगातला पहिला देश ठरला.

महाराष्ट्राची मोठी बंदी आली ती २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने. तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जून २०१८ पासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, आणि तिसऱ्या वेळी २५,००० रुपये व तीन महिने कैद. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

केंद्राचा रस्ता थोडा वेगळा आहे. तिथे पिशवीची जाडी वाढवत नेली गेली. १९९९ च्या नियमांत किमान २० मायक्रॉन, २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाड पिशवी महाग पडते म्हणून दुकानदार ती फुकट वाटत नाही, ती वाऱ्याने सहज उडत नाही, आणि तिला भंगारात भाव मिळतो म्हणून कचरावेचक ती उचलतात. असा त्यामागचा विचार.

आता इथे थांबून एक साधा हिशोब करा. आकार तोच ठेवला तर १२० मायक्रॉनच्या पिशवीत २० मायक्रॉनच्या पिशवीपेक्षा सहापट प्लास्टिक असतं. म्हणजे लोकांनी जाड पिशवीही एकदाच वापरून टाकली, तर पिशव्यांची संख्या सहापटीने घटल्याशिवाय प्लास्टिकचं वजन कमी होणारच नाही. नियम चांगला की वाईट हे यावरून ठरत नाही. पण "पिशव्या कमी झाल्या" आणि "प्लास्टिक कमी झालं" ही दोन वेगळी विधानं आहेत, हे मात्र कळतं. संशोधनाची सुरुवात अशाच ठिकाणी होते.

एका विषयात लपलेले तीन प्रश्न

"प्लास्टिकबंदी योग्य आहे का?" या एका वाक्यात खरं तर तीन प्रश्न कोंबलेले आहेत.

१. कुठली पिशवी पर्यावरणाला कमी जड पडते?
२. बंदीने किंवा शुल्काने लोक वागणं बदलतात का?
३. वागणं बदललं, तर शेवटी कचरा कमी होतो का?

पहिला प्रश्न वस्तूचा आहे, दुसरा माणसाचा, तिसरा एकूण परिणामाचा. तिन्हींच्या पद्धती वेगळ्या आहेत. वर्तमानपत्रातले वाद बघा, एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा तिसऱ्या प्रश्नावरून त्याला खोडत असतो.

प्रश्न पहिला: कापडी की प्लास्टिकची?

याची पद्धत म्हणजे जीवनचक्र मूल्यमापन, ज्याला सगळे एलसीए म्हणतात. कच्चा माल, कारखाना, वाहतूक, वापर आणि विल्हेवाट, अशा प्रत्येक टप्प्यावर किती ऊर्जा, किती पाणी, किती उत्सर्जन, याची बेरीज करायची.

डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातला एक आकडा जगभर फिरला: साधी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. आठवड्यातून एकदा वापरली तर १३६ वर्षं! झालं, "कापडी पिशवी म्हणजे ढोंग" अशा बातम्या सुरू झाल्या.

पण त्याच अहवालात दुसरा आकडाही आहे. फक्त हवामानबदलाचा परिणाम मोजला तर ७,१०० ऐवजी ५२ वेळा. म्हणजे आठवड्याला एकदा, एक वर्ष. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ७,१०० हा आकडा "सगळ्या निर्देशांकांवर बरोबरी हवी" या अटीचा आहे. त्यात सर्वांत वाईट निर्देशांक जो असेल तोच उत्तर ठरवतो, आणि सुती पिशवीसाठी तो होता ओझोन थराचा ऱ्हास. त्यामुळे एलसीए वाचताना पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या निर्देशांकावर?

दुसरा प्रश्न: कशाच्या तुलनेत? इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये काढलेल्या अहवालात सुती पिशवीला हवामानाच्या हिशोबात १३१ वेळा वापरावं लागतं. डेन्मार्कमध्ये ५२ आणि इंग्लंडमध्ये १३१, मग खरं कोण? दोघंही. डेन्मार्कने तुलना केली तिथल्या सुपरमार्केटमधल्या जाडसर पिशवीशी. इंग्लंडने केली जेमतेम ८ ग्रॅमच्या पातळ पिशवीशी. समोरचा पैलवान बदलला की निकाल बदलणारच.

तिसरा प्रश्न: कुठलं गृहीतक धरलंय? इंग्लंडचाच अहवाल पुढे सांगतो की १३१ हा आकडा पातळ पिशवी एकदाच वापरून फेकली तर. साधारण ४० टक्के पिशव्या घरात कचऱ्याच्या डब्याला लावल्या जात असतील तर १७३. सगळ्याच लावल्या जात असतील तर ३२७. कापडी पिशवी तीच, तिचं वजन तेच. प्लास्टिकच्या पिशवीला घरात दुसरं काम मिळालं, एवढ्यावर उत्तर अडीच पटीने हललं. आपल्याकडे दाराआड टांगलेली "पिशव्यांची पिशवी" आठवतेय ना? तिचा थेट संबंध या ३२७ शी आहे.

चौथा प्रश्न: सीमा कुठे आखली? डेन्मार्कच्या अभ्यासात पिशवी वापरानंतर तिथल्या कचरा व्यवस्थेत जाते असं धरलं आहे. रस्त्यावर, गटारात, समुद्रात जाणारी पिशवी त्या हिशोबात नाही. तिथल्या परिस्थितीत ते चालून जातं. पण ज्या गावात पिशवी गटारात जाते, गाईच्या पोटात जाते, किंवा उकिरड्यावर जाळली जाते, तिथे हा अभ्यास जसाच्या तसा उचलून "डेन्मार्कने सिद्ध केलं" असं म्हणता येत नाही. प्लास्टिकवरचा आपला मुख्य आक्षेपच त्या सीमेबाहेर राहिलेला आहे.

आता आपल्या मातीतला मुद्दा. या दोन्ही अभ्यासांत सुती पिशवी नवीन आहे. कापूस पिकवला, सूत कातलं, कापड विणलं, पिशवी शिवली. आपल्या घरातली पिशवी बऱ्याचदा जुन्या पँटची, चादरीची किंवा साडीची असते. तो कापूस साडीसाठी पिकला होता, पिशवीसाठी नाही. त्याचा भार साडीच्या खात्यावर टाकला तर पिशवीच्या वाट्याला उरतो फक्त दोरा आणि शिलाई. मग ५२ आणि १३१ हे आकडे तिला लागूच होत नाहीत.

पण लगेच खूश होऊ नका. परीक्षक विचारतील, "ती साडी पिशवी झाली नसती तर तिचं काय झालं असतं?" फेकली गेली असती तर हिशोब बरोबर आहे. पण तिची गोधडी झाली असती, किंवा बोहारणीकडे जाऊन पुढे कुणीतरी ती नेसलं असतं, तर पिशवीने एक उपयोग हिरावला, आणि तोही मोजायला हवा. याला प्रतितथ्य म्हणतात: जे घडलं नाही, पण घडलं असतं, ते. संशोधनातले निम्मे वाद यावरच असतात. जुन्या साडीच्या पिशवीचं महाराष्ट्रातलं एलसीए हा पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल असा प्रश्न आहे, हवा असेल तर घ्या.

प्रश्न दुसरा: माणसं बदलतात का?

आयर्लंडने ४ मार्च २००२ ला प्रत्येक पिशवीवर १५ सेंट शुल्क लावलं. त्याआधी दर माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या वापरल्या जात. त्या २१ वर आल्या. पुढच्या काही वर्षांत आकडा हळूहळू पुन्हा तिसाच्या वर गेला, तेव्हा २००७ मध्ये शुल्क २२ सेंट केलं. इथे शिकायच्या गोष्टी दोन. एक, बंदी न घालताही वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटू शकतो. दोन, परिणाम विरत जातो, म्हणून एकदाच मोजून भागत नाही.

पण आयर्लंडचा हा आकडा "आधी आणि नंतर" असा आहे. सगळ्या देशात एकाच दिवशी शुल्क लागलं, त्यामुळे तुलनेला शुल्क नसलेला भाग उरला नाही. घट इतकी प्रचंड होती की तिथे शंकेला फारशी जागा नाही. तुमच्या अभ्यासात घट १० टक्के असेल तर मात्र परीक्षक सोडणार नाहीत.

म्हणून तातियाना होमोनॉफ यांचा २०१८ मधला शोधनिबंध जरूर वाचा. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपास काही दुकानं स्वतःची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट बक्षीस देत होती. मग एका भागात पिशवी घेणाऱ्यावर ५ सेंटचा कर आला, शेजारच्या भागात आला नाही. त्यांनी दुकानांतून बाहेर पडणारी माणसं मोजली आणि दोन्ही भागांची तुलना केली. करामुळे टाकाऊ पिशवी घेणाऱ्यांचं प्रमाण ४० हून जास्त टक्के-बिंदूंनी घटलं. बक्षिसाचा परिणाम जवळजवळ शून्य. रक्कम दोन्हीकडे तीच! खिशातून जाणारा पैसा माणसाला जास्त टोचतो, मिळणारा तितका सुखावत नाही. "पिशवी आणा, एक रुपया सूट मिळवा" अशी पाटी लावणाऱ्या दुकानदाराला हा निबंध दाखवायला हवा.

प्रश्न तिसरा: शेवटी कचरा कमी झाला का?

इथे गोष्ट आणखी गुंतते. रिबेका टेलर यांनी कॅलिफोर्नियातल्या शहरांच्या बंदीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. दुकानातल्या प्लास्टिक पिशव्या वजनात सुमारे १ कोटी ८० लाख किलोने घटल्या. पण त्याच वेळी कचऱ्याच्या डब्यात लावायच्या विकतच्या पिशव्यांची खरेदी वाढली. लहान आकाराच्या पिशव्यांची विक्री तर १२० टक्क्यांनी. ही वाढ सुमारे ५४ लाख किलो. म्हणजे मिळवलेल्यातलं २८ टक्क्यांच्या आसपास मागच्या दाराने परत गेलं. याला गळती म्हणतात. लक्षात घ्या, उरलेलं ७० टक्क्यांहून जास्त खरोखर वाचलं. गळती सापडली म्हणजे धोरण फसलं असं होत नाही, गळती किती हे सांगायचं असतं.

दुसरीकडे, ॲना पॅप आणि किम्बर्ली ओरेमस यांनी २०२५ मध्ये सायन्स या नियतकालिकात अमेरिकेतल्या किनारे-सफाईच्या हजारो नोंदी तपासल्या. स्वयंसेवकांनी उचललेल्या वस्तूंत पिशव्यांचं प्रमाण, बंदी किंवा शुल्क असलेल्या ठिकाणी, नसलेल्या ठिकाणांच्या तुलनेत २५ ते ४७ टक्क्यांनी कमी निघालं. पण हे "तुलनेत" आहे. पिशव्यांचं प्रमाण एकूण वाढतच होतं, धोरण असलेल्या ठिकाणी ते कमी वेगाने वाढलं. "बंदीमुळे किनारे स्वच्छ झाले" असं यावरून लिहिलंत तर ते चूक ठरेल.

आता महाराष्ट्रात हे कसं मोजाल?

समजा तुम्हाला तुमच्या गावच्या मंडईत बंदीच्या कारवाईचा परिणाम बघायचा आहे. पहिला सापळा हवामानाचा. २०१८ ची दंडाची तारीख आठवा: २३ जून. म्हणजे नेमकी पावसाळ्याची सुरुवात. पावसात ग्राहक प्लास्टिक मागतोच, कापडी पिशवी भिजते. त्यामुळे मे आणि जुलैची थेट तुलना केलीत तर बंदी आणि पाऊस यांचे परिणाम एकमेकांत मिसळतील.

उपाय होमोनॉफ यांचाच. दोन मंडया घ्या, हवामान तेच, पण कारवाई एकीकडेच. दोन शेजारच्या नगरपालिका असतील तर उत्तम. दाराशी उभं राहून बाहेर पडणारे १०० ग्राहक मोजा: नवी प्लास्टिक पिशवी किती जणांकडे, स्वतःची किती जणांकडे. समजा कारवाई झालेल्या मंडईत प्लास्टिकवाले ६० वरून ३५ वर आले आणि दुसऱ्या मंडईत काहीच कारवाई नसताना ५८ वरून ५० वर आले. तर परिणाम २५ नाही. दुसरीकडे आपोआप घटलेले ८ वजा करा, उरतात १७. हेच मोजमाप एक आठवड्याने, एक महिन्याने, तीन महिन्यांनी पुन्हा करा, म्हणजे परिणाम विरतो का ते कळेल. वार आणि वेळ तीच ठेवा. रविवार सकाळची गर्दी आणि मंगळवार संध्याकाळची गर्दी एक नसते.

दुसरा सापळा दिसण्याचा. कापडासारखी दिसणारी प्रत्येक पिशवी कापडी नसते. नॉन-वोव्हन पिशवी ही पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. म्हणूनच केंद्राच्या नियमांत तिलाही किमान ६० जीएसएमची अट आहे. तिची कड नीट बघा: बऱ्याचदा शिवणीऐवजी वितळवून चिकटवलेली असते. सूत वितळत नाही. मोजणाऱ्या मित्रांना हा फरक आधी शिकवा, नाहीतर निम्म्या नोंदी चुकीच्या रकान्यात जातील.

तिसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. विक्रेत्यांची मुलाखत घ्यायला गेलात तर "तुम्ही प्लास्टिक पिशव्या ठेवता का?" हा प्रश्न म्हणजे ५,००० रुपयांच्या गुन्ह्याची कबुली मागणं आहे. दिवसाला काही शे रुपये सुटणाऱ्या भाजीवाल्या ताई खरं का सांगतील? आणि सांगितलंच, तर ती माहिती सांभाळणं तुमच्यावर आलं. नाव, गाळा क्रमांक, फोटो काहीही नोंदवू नका. नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. प्रश्न फिरवून विचारता येतो: "गिऱ्हाईक पिशवी मागतं तेव्हा काय करता? नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं का?" यातून कळतं की बंदीचा खर्च कोण सोसतंय. पुरावा न मोजता धोरण ठरलं की तो खर्च बहुतेक वेळा ज्याचा आवाज लहान त्याच्या अंगावर पडतो. तुमच्या अभ्यासाचं खरं मोल इथे आहे.

मग बाजारात काय न्यायचं?

घरात आधीच असलेली पिशवी न्या, मग ती कशाचीही असो. सुती, तागाची, वायरची, अगदी नॉन-वोव्हनसुद्धा. तिचा भार तयार होतानाच पडून गेलाय, आता फक्त खेपा वाढवायच्या. नव्या कापडी पिशव्या जमवू नका. परिसंवादाच्या किटमधल्या, संक्रांतीच्या वाणातल्या अशा दहा पिशव्या कपाटात असतील, तर इंग्लंडच्या हिशोबाने प्रत्येकीच्या १३१, म्हणजे एकूण १,३१० खेपा व्हायला हव्यात. मासे-मटणाला स्टीलचा डबा. कागदी पिशवी एकदा वापरून टाकायची असेल तर फारसं कौतुक नको, त्याच इंग्लंडच्या अभ्यासात तिलाही किमान तीन वेळा वापरावं लागतं. आणि "विघटनशील" लिहिलेली पिशवी बघून निर्धास्त होऊ नका. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात तसं लेबल असलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही सामान उचलण्याइतकी शाबूत होती.

आता तुमचा गृहपाठ. एका कागदावर तुमच्या मनातला विषय लिहा, आणि त्याखाली चार ओळी: काय मोजणार, कशाच्या तुलनेत, कुठल्या सीमेत, आणि हे घडलं नसतं तर काय झालं असतं. चारही ओळी भरता आल्या तर तुमच्याकडे प्रश्न आहे. एखादी रिकामी राहिली तर वाचन तिथूनच सुरू करा. मार्गदर्शकांना भेटायला जाताना तो कागद बरोबर न्या.